जे-१ वर रिटेल-फार्मसीची ट्रेनी जागा: पैसे कशाचे, हाती काय येतं

"अमेरिकेत फार्मसी चेनमध्ये पगारी ट्रेनिंग, १८ महिने, जे-१ व्हिसा, बी.फार्म. चालेल." अशा जाहिराती फार्मसी आणि एमबीएच्या ग्रुपांवर सतत फिरत असतात. जे-१ म्हणजे शिक्षण-प्रशिक्षणाच्या देवाणघेवाणीसाठीचा अमेरिकेचा व्हिसा. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. या जाहिरातीमागे जी सेवा विकली जाते तिचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. दुकान कसं चालवतात, साठा कसा सांभाळतात आणि औषधाच्या किमतीचं गणित कसं बसतं हे अमेरिकी पद्धतीनं शिकायचं असेल तर सेवा घेण्यासारखी आहे. काउंटरमागे उभं राहून औषध काढून द्यायचं असेल, तर ती वस्तू या दुकानात ठेवलेलीच नाही. कुणी ती विकत असेल तर तो किंवा नियम वाचलेला नाही, किंवा वाचूनही गप्प आहे.

सेवेत तीन पक्ष असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. पहिला स्पॉन्सर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली ही संस्था डीएस-२०१९ हे पात्रतापत्र देते, आणि त्याशिवाय जे-१ चा अर्जच होत नाही. दुसरा होस्ट, म्हणजे जिथे ट्रेनिंग होणार ते दुकान किंवा कंपनी. होस्ट व्हिसा देत नाही, स्पॉन्सर पगार देत नाही. तिसरा मधला एजंट. कायद्याच्या दृष्टीनं तो असलाच पाहिजे असं नाही, पण फीचा मोठा हिस्सा बहुतेक वेळा त्याच्याच खिशात जातो. एजंटनं आपण व्हिसा स्पॉन्सर करतो म्हटलं, तर परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी उघडायची आणि ट्रेनी किंवा इंटर्न हा गट निवडून नाव शोधायचं. सीआयईई, कल्चरल व्हिस्टाज, इंटरएक्स्चेंज ही या क्षेत्रातली जुनी नावं. यादीत नाव नसेल तर तो स्पॉन्सर नव्हे, विषय संपला. नाव असलं तरी गट पाहायचाच. उन्हाळी कामाच्या किंवा ऑ पेअरच्या (कुटुंबात राहून मुलं सांभाळण्याच्या) कार्यक्रमाची मान्यता असलेली संस्था तेवढ्या बळावर ट्रेनी पाठवू शकत नाही.

आता फार्मसीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ट्रेनी आणि इंटर्न या गटांचे नियम अमेरिकेच्या संघीय नियमावलीच्या २२ व्या शीर्षकात, भाग ६२, कलम २२ मध्ये आहेत. रुग्णाची देखभाल किंवा रुग्णाशी संपर्क येईल असं कुठलंही काम ट्रेनीला देता येत नाही, आणि त्यात औषध देण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे प्रिस्क्रिप्शन घेणं, गोळ्या मोजून बाटलीत भरून देणं, डोस समजावणं, लस टोचणं हे सगळं बाहेर. तुमचं ज्ञान किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. वीस वर्षं केमिस्ट असलेल्यालाही हाच नियम.

त्यावर राज्यांचे नियम वेगळेच. तिथे फार्मसी टेक्निशियन म्हणून काम करायला बहुतेक राज्यांत फार्मसी बोर्डाची नोंदणी किंवा परवाना लागतो. फार्मसी इंटर्न हाही राज्य बोर्डाचा परवाना आहे आणि जे-१ मधल्या इंटर्न गटाशी त्याचं काही नातं नाही. जाहिरातीत या दोन गोष्टी सोयीनं मिसळलेल्या असतात. जागेचं नाव टेक्निशियन असेल, किंवा "लायसन्सचे तास इथेच भरतील" असं आश्वासन असेल, तर तिथूनच परत फिरा.

मग फार्मसीत शिकण्यासारखं उरतं काय? भरपूर. उलट बी.फार्म. झालेल्याला काउंटरपेक्षा मागच्या खोलीत जास्त शिकायला मिळतं, हे आमचं ठाम मत. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते, तिथे नसते. विमा असलेल्या रुग्णाच्या औषधाला दुकानाला किती पैसे मिळणार हे विमा कंपनीच्या वतीनं काम करणारा मधला व्यवस्थापक, म्हणजे पीबीएम, करारानं ठरवतो. खरेदीच्या किमतीपेक्षा कमी परतावा मिळाला म्हणून एखाद्या प्रिस्क्रिप्शनवर दुकानाला तोटा होणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. दावा संगणकावरून जातो आणि काही सेकंदांत मंजूर तरी होतो किंवा कोडसह परत तरी येतो. ७० म्हणजे औषध योजनेत बसत नाही, ७५ म्हणजे आधी परवानगी हवी, ७९ म्हणजे पुन्हा भरण्याची वेळ अजून आलेली नाही. हे नाकारलेले दावे महिनाभराचे एकत्र करून कुठल्या कारणानं किती पैसा अडकला ते मांडणं हे ट्रेनीला साजेसं काम आहे. मात्र रुग्णांची नावं झाकलेल्या अहवालावर, आणि १९९६ च्या हिपा कायद्याचं गोपनीयता प्रशिक्षण आधी झालेलं असताना.

साठ्याचंही तसंच. प्रत्येक औषधाला एनडीसी नावाचा दहा अंकी क्रमांक असतो, तीन तुकड्यांत विभागलेला: कधी ४-४-२, कधी ५-३-२, कधी ५-४-१. बिलासाठी तो ११ अंकी, म्हणजे ५-४-२, करावा लागतो आणि त्यासाठी जो तुकडा तोकडा असेल त्याच्या आधी शून्य घालायचं. शून्य चुकीच्या तुकड्यात पडलं की दावा परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच औषधाच्या नावावर जातो. २०१३ च्या डीएससीएसए या औषध-पुरवठासाखळी सुरक्षेच्या कायद्यामुळे पाकिटावर द्विमितीय बारकोड आला. त्यात उत्पादन क्रमांक, अनुक्रमांक, लॉट आणि मुदत असते, आणि माल कुणाकडून कुणाकडे गेला याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. मुदत संपलेला माल तो परत घेणाऱ्या रिव्हर्स डिस्ट्रिब्युटरकडे कसा जातो, एफडीए या औषध नियामकाच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्या रिकॉलमध्ये काय फरक करतात, शेड्यूल दोनच्या, म्हणजे गैरवापराचा धोका जास्त म्हणून कडक नियंत्रणात असलेल्या, औषधांची मागणी डीईए या अंमली पदार्थ नियंत्रण खात्याच्या २२२ क्रमांकाच्या फॉर्मवर किंवा त्याच्या इलेक्ट्रॉनिक पर्यायातून कशी होते, दर दोन वर्षांनी नियंत्रित औषधांची पूर्ण मोजणी कशी होते, हे सगळं पाहून शिकता येतं. पाहून, असंच म्हणायचं. त्या कपाटाची किल्ली ट्रेनीच्या हातात देणारा होस्ट उदार नाही, बेफिकीर आहे.

रिटेलची बाजू नियमात सहज बसते, कारण ती व्यवस्थापन आणि व्यापार या व्यवसायगटात येते. पण तिथेही एक कुंपण आहे. नियमावलीच्या परिशिष्ट ई मध्ये अकुशल कामांची यादी दिली आहे आणि त्यात कॅशियर, सामान्य सेल्स क्लार्क, किराणा दुकानातले क्लार्क आणि चेकर, स्टॉकरूम व गोदाम कामगार, पॅकर हे सगळे आहेत. अशा जागी ट्रेनी ठेवता येत नाही. शिवाय कारकुनी काम एकूण वेळेच्या २० टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि आठवड्याला किमान ३२ तासांचं ट्रेनिंग असावं लागतं. याचा अर्थ ट्रेनीनं कधी बिलिंगला उभंच राहायचं नाही असा नाही. पहिले काही दिवस बिलिंग शिकल्याशिवाय कुठल्याही दुकानाचं व्यवस्थापन समजत नाही. पण दहाव्या महिन्यातही तुम्ही बिलिंगलाच असाल, तर ते ट्रेनिंग नव्हे.

रिटेल आणि फार्मसी यांच्या सीमेवरचा एक विषय चांगल्या आराखड्यात हटकून असतो: सर्दीच्या औषधांतलं स्युडोएफेड्रिन. प्रिस्क्रिप्शन लागत नाही, तरी २००५ च्या कायद्यानं ते काउंटरमागे गेलं. एका ग्राहकाला दिवसाला ३.६ ग्रॅम आणि ३० दिवसांत ९ ग्रॅम ही खरेदीची मर्यादा, ओळखपत्र पाहायचं, नोंदवही ठेवायची, विकणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं. या एका मालाभोवती मांडणी, साठा, चोरी, कर्मचारी आणि कायदा असे पाचही धागे एकत्र येतात. असा विषय आराखड्यात दिसला की लिहिणाऱ्यानं दुकान आतून पाहिलंय हे कळतं.

या सगळ्या सेवेचा कस लागतो तो डीएस-७००२ या फॉर्मवर. ट्रेनिंगचा आराखडा तोच. ट्रेनी, होस्टचा पर्यवेक्षक आणि स्पॉन्सर अशा तिघांच्या सह्या त्यावर असतात, आणि ट्रेनीसाठी आराखडा टप्प्याटप्प्यानं मांडावा लागतो. प्रत्येक टप्प्यात ट्रेनीची भूमिका, उद्दिष्टं, कोण शिकवणार आणि त्याची पात्रता काय, कुठली कौशल्यं, ती कशी व कुठल्या क्रमानं शिकवणार, शिकली की नाही हे कसं मोजणार, असे रकाने आहेत. सांस्कृतिक उपक्रमांचाही एक रकाना आहे. बहुतेक जण तिथे "स्थानिक सण" असं लिहून मोकळे होतात, तो जरा नीट भरावा.

वाईट आराखडा ओळखणं सोपं. सगळ्या टप्प्यांत वाक्यं तीच, फक्त तारखा वेगळ्या. "ग्राहकसेवा शिकेल, संघभावना वाढेल." पर्यवेक्षक सगळीकडे एकच, तोही दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातला. मोजमापाच्या रकान्यात "निरीक्षणातून" एवढा एकच शब्द. असा फॉर्म स्पॉन्सरनं परत पाठवला तर वैतागू नका. तो स्पॉन्सर त्याचं काम करतोय. आमच्या मते स्पॉन्सरची परीक्षा इथेच होते: पहिल्याच फेरीत प्रश्न न विचारता सही करणारा स्पॉन्सर वेगवान वाटतो, पण तेच न विचारलेले प्रश्न पुढे व्हिसा अधिकारी विचारतो.

चांगला आराखडा साधारण असा दिसतो. ५२ आठवडे धरू. पहिले ८ आठवडे दुकानाची ओळख: बिलिंग प्रणाली, प्लॅनोग्राम म्हणजे कपाटावर कुठला माल कुठे याचा नकाशा, हिपा प्रशिक्षण, चोरी आणि नासाडीतून होणारी घट मोजण्याची पद्धत. पुढचे १२ आठवडे साठा आणि वर्गव्यवस्थापन: रोज थोडा थोडा माल मोजण्याचं चक्र, किमान-कमाल पातळ्या, हंगामी माल, आणि शेवटी एका विभागाचा मांडणी-प्रस्ताव. त्यानंतरचे १२ फार्मसीच्या मागच्या खोलीतले: एनडीसी, माल मागोवा, रिकॉल, मुदतबाह्य माल. मग १० आठवडे परतावा आणि नफ्याचं गणित. उरलेले १० कर्मचारी-वेळापत्रक, मजुरीचं बजेट, नफातोटा पत्रक आणि अंतिम अहवाल. मोजमाप प्रत्येक टप्प्यात वेगळं: कुठे मोजणीतला फरक किती टक्क्यांवर आला, कुठे तयार केलेला अहवाल, कुठे लेखी चाचणी. फार्मसीच्या टप्प्यात एक वाक्य इंग्रजीत ठळकपणे घालून घ्या: ट्रेनीचा रुग्णांशी संपर्क येणार नाही, तो औषध देणार नाही, सल्लाही देणार नाही. हे वाक्य नसलेले फार्मसीचे आराखडे अडकतात.

पात्रतेत घोटाळा होतो तो दोन गटांच्या सीमेवर. पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्या क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव, हा ट्रेनी गट. मुदत जास्तीत जास्त १८ महिने. अजून शिकत असलेला, किंवा पदवी मिळून १२ महिने न उलटलेला, हा इंटर्न गट. त्याची मुदत जास्तीत जास्त १२ महिने. पदवी होऊन चौदा महिने झाले आणि अनुभव आठ महिन्यांचा, असा माणूस दोन्हीकडे बसत नाही. त्याला "काहीतरी करू" म्हणणारा एजंट बनावट अनुभवपत्राकडे नेतोय हे समजून घ्या. त्याची किंमत पुढे एका व्हिसापुरती राहत नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचा ठपका अमेरिकेचं दार कायमचं बंद करू शकतो.

क्षेत्र जुळणंही महत्त्वाचं. बी.फार्म. आणि मेडिकल स्टोअरमध्ये खरेदी-साठ्याचा अनुभव असेल तर वरचा आराखडा जुळतो. कारखान्यातल्या गुणवत्ता विभागात वर्षभर काढलेल्या माणसाला रिटेलचा आराखडा दिला तर स्पॉन्सर विचारणारच. अनुभवपत्रात नुसतं पद आणि तारखा पुरत नाहीत. किती प्रकारचा माल, कुठलं सॉफ्टवेअर, किती माणसांवर देखरेख, आठवड्याला किती तास, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यासह घ्या. एक पेच मात्र इथे आहे. जे आधीच येतं तेच पुन्हा शिकवणारं ट्रेनिंग नियमाला मान्य नाही. त्यामुळे अनुभव पुरेसा दाखवायचा, पण आराखड्यातली कौशल्यं त्याच्या पुढची हवीत.

इंग्रजीची खात्री स्पॉन्सरला करावीच लागते. मान्यताप्राप्त चाचणीचा निकाल, शिक्षणसंस्थेचं सहीचं पत्र, किंवा स्पॉन्सरनं स्वतः प्रत्यक्ष वा व्हिडिओवर घेतलेली मुलाखत, यापैकी एक. मुलाखतीत उत्तरं पाठ करून बोललं की लगेच कळतं. स्वतःचा आराखडा स्वतःच्या शब्दांत सांगता आला म्हणजे झालं.

आता एजंट. नियमात दोन गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या कधीच नसतात. स्पॉन्सरच्या वतीनं काम करणाऱ्या तिसऱ्या पक्षाशी स्पॉन्सरचा लेखी करार असला पाहिजे. आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला भरती, निवड, नेमणूक, प्रशिक्षण यांपैकी कशातही गुंतवता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दोन प्रश्न ईमेलवर विचारायचे: तुमचा लेखी करार कुठल्या स्पॉन्सरशी आहे, आणि माझा पगार कोणाच्या खात्यातून येणार? पगार होस्टऐवजी तिसऱ्याच कंपनीकडून येणार असेल तर ती मनुष्यबळ एजन्सी असण्याचीच शक्यता जास्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं की त्या स्पॉन्सरला थेट विचारून पडताळा. चांगला एजंट होस्ट शोधतो, आराखडा लिहायला मदत करतो आणि फीची पावती फोड करून देतो. तसा एजंट असेल तर पैसे वसूल. पण ज्याला स्वतः होस्ट सापडतो त्याला एजंटची गरज नाही, कारण स्वतः होस्ट शोधून आलेले अर्ज बहुतेक स्पॉन्सर घेतात आणि ते स्वस्त पडतं.

होस्ट स्वतः शोधायचा तर कुठे? मोठ्या साखळ्यांच्या भरतीच्या पानावर जे-१ लिहिलेलं जवळपास नसतं, आणि दुकानाच्या मॅनेजरला हो म्हणण्याचा अधिकारही नसतो. सात-आठ दुकानं असलेली स्वतंत्र फार्मसी, प्रादेशिक किराणा साखळी, घाऊक वितरक, रिटेलसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या इथे मालकाशी थेट बोलता येतं. पहिल्या ईमेलमध्ये व्हिसाची कहाणी नको. तीन ओळींत अनुभव, काय शिकायचंय, आणि कागदपत्रं स्पॉन्सर पाहतो हे एक वाक्य. होस्टला विचारतात ते म्हणजे कंपनीचा कर-क्रमांक, कामगार भरपाई विमा, पर्यवेक्षकाची माहिती. त्या स्पॉन्सरकडे आधी यशस्वीपणे ट्रेनी न ठेवलेल्या, आणि २५ हून कमी कर्मचारी किंवा ३० लाख डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या होस्टची स्पॉन्सरला प्रत्यक्ष भेट घ्यावी लागते. त्यात आठवडे जातात, तेव्हा तारीख पुढची धरा. गावातल्या एकांड्या फार्मसीत आणखी एक अडचण: विभागच इतके कमी की बारा महिन्यांचा आराखडा ओढूनताणून बनतो. तिथे सहा महिनेच मागा.

साखळ्यांची नावं मोठी म्हणून जागा पक्की असंही नाही. राइट एडनं २०२३ आणि पुन्हा २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२५ मध्ये तिची दुकानं बंद झाली. वॉलग्रीन्सनं २०२४ मध्ये तीन वर्षांत सुमारे १,२०० दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. ट्रेनिंगच्या मध्येच दुकान मिटलं तर ट्रेनी आपण होऊन दुसरीकडे जाऊ शकत नाही. नवा होस्ट, नवा डीएस-७००२ आणि स्पॉन्सरची मंजुरी, या क्रमानंच. म्हणून करारावर सही करण्याआधी स्पॉन्सरला लेखी विचारा: होस्ट गेला तर नवा शोधायला किती दिवस देता, मदत करता का, आणि फीचं काय होतं? या उत्तरावरून स्पॉन्सरची जेवढी पारख होते तेवढी वेबसाइटवरच्या फोटोंवरून होत नाही.

खर्चात ठरलेले आकडे असे: सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींच्या सरकारी नोंदप्रणालीचं, आय-९०१ शुल्क २२० डॉलर, व्हिसा अर्जाचं शुल्क १८५ डॉलर. मिळून ४०५. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात व्हिसा मिळताना घ्यायच्या आणखी २५० डॉलर शुल्काची तरतूद आहे, तेही हिशेबात धरा. स्पॉन्सरची फी मुदतीप्रमाणे वाढते, आणि विमा त्यात आहे की वेगळा हे विचारायचं. विम्याची किमान पातळी नियमानं ठरलेली आहे: प्रत्येक आजार किंवा अपघाताला १,००,००० डॉलर, वैद्यकीय स्थलांतराला ५०,०००, मृतदेह मायदेशी पाठवायला २५,०००, आणि दर आजारामागे स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरहून जास्त नको. स्वस्तातली प्रवास पॉलिसी बऱ्याचदा या शेवटच्या अटीवर किंवा स्थलांतराच्या रकमेवर नापास होते.

पगार डीएस-७००२ वर लिहिलेला असतो. संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त. नुसतं ७.२५ धरलं तर ४० तासांचे आठवड्याला २९० डॉलर, महिन्याला सुमारे १,२५७, तेही कर कापण्याआधी. एवढ्यात उपनगरात राहायचं, आणि दुकानापर्यंत बस नसेल तर गाडीही हवी, हे जमत नाही. फॉर्मवरचा पत्ता नकाशावर टाकून बस थांबा पाहणं हे दोन मिनिटांचं काम आहे, ते करा. घराची अनामत आणि पहिला पगार उशिरा येणं धरून दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा.

व्हिसा मुलाखतीची तयारी म्हणजे खरं तर आराखड्याची उजळणी. सेव्हिस शुल्क मुलाखतीच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी भरून पावती सोबत ठेवायची. जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि डीएस-१६० या व्हिसा अर्जात ती खाती नोंदवायची असतात. प्रश्न ठरलेले: भारतात हे का शिकता येत नाही, परत येऊन काय करणार, दिवसभर काय काम असेल. पहिल्याला "अमेरिका प्रगत आहे" हे उत्तर नव्हे. पीबीएमचा परतावा, अनुक्रमांकानं मागोवा, अनेक दुकानांचा एकत्र साठा, असं नेमकं सांगा. तिसऱ्याच्या उत्तरात "रुग्णांना औषधं देणार" हे शब्द निसटले की डीएस-७००२ कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. घाबरून असं बोललं जातं, म्हणून हे उत्तर मोठ्यानं म्हणून बघा.

पोहोचल्यावरचा क्रम बिघडला की पगार अडकतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी जास्तीत जास्त ३० दिवस प्रवेश करता येतो. पोहोचल्याबरोबर स्पॉन्सरला पत्ता कळवायचा, म्हणजे तो सेव्हिसमधली नोंद सक्रिय करतो. सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत ती झाली नाही तर कार्यक्रमच रद्दबातल होतो. नोंद सक्रिय झाल्याची ईमेल आली की मगच पगार आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी त्याचं कार्यालय गाठायचं. घाईनं गेलं तर त्यांच्या संगणकात नाव नसतं आणि अर्ज लटकतो. क्रमांकाला शुल्क नाही. पुढे घर बदललं तर १० दिवसांत स्पॉन्सरला कळवायचं.

पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे दोन रकाने पाहा. याआधी अमेरिकेत न राहिलेला जे-१ ट्रेनी करासाठी अनिवासी धरला जातो आणि हे दोन कर त्याला लागू नाहीत. मिळून ७.६५ टक्के होतात, म्हणजे २९० डॉलरच्या आठवड्याला २२ डॉलर, वर्षाला हजाराच्या वर. छोट्या होस्टच्या पगार सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप कापले जातात. आधी होस्टकडे परत मागायचे. त्यानं नाहीच दिले तर कर खात्याकडे ८४३ आणि ८३१६ क्रमांकाचे फॉर्म भरायचे. संघीय आणि राज्याचा प्राप्तिकर मात्र लागू आहे, आणि वर्षाअखेर विवरण १०४०-एनआर वर, सोबत ८८४३.

काम सुरू झाल्यावर बिघाड हळूहळू होतो. सुट्ट्यांच्या हंगामात माणसं कमी पडतात, ट्रेनीला दोन आठवडे बिलिंगला टाकतात, आणि जानेवारीत तो तिथेच राहतो. किंवा तास ३२ च्या खाली उतरतात. किंवा फार्मासिस्ट गडबडीत म्हणतो, "जरा हे त्यांना दे." तिथे हसून नाही म्हणायचं आणि फार्मासिस्टला बोलवायचं. आठवड्याच्या शेवटी कुठल्या टप्प्यातलं कुठलं काम किती तास केलं याची एक ओळ लिहून ठेवली तर तक्रार करताना भांडण लागत नाही, कागद बोलतो. सहा महिन्यांहून मोठ्या कार्यक्रमात मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन असतं आणि त्यावर ट्रेनीचीही सही लागते. मधलं मूल्यमापन ही तक्रार करण्याची योग्य जागा. सगळं छान म्हणून सही केली की नंतर तेच पुढे केलं जातं. आधी स्पॉन्सरला लेखी कळवा. तो ऐकत नसेल, किंवा पासपोर्ट काढून घेणं, पगार बुडवणं असं काही असेल, तर परराष्ट्र खात्याची जे-१ हेल्पलाइन १-८६६-२८३-९०९० आहे. दुसरीकडे जोडकाम करून पगाराची भर घालू नका. परवानगीशिवायच्या कामानं कार्यक्रम संपतो.

अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं असेल तर त्याचा रस्ता एनएबीपी या बोर्ड-संघटनेच्या, परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीच्या एफपीजीईसी प्रमाणपत्रातून जातो आणि तिथे १ जानेवारी २००३ रोजी किंवा नंतर पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही, सहा वर्षांची फार्म.डी. बसते. जे-१ ट्रेनिंगनं ही अट ना कमी होते ना पूर्ण होते.

परतीबद्दल एक जुनी माहिती अजून फिरते, की जे-१ नंतर दोन वर्षं भारतात राहावंच लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्य-यादी, म्हणजे कुठल्या देशातल्या कुठल्या क्षेत्राच्या लोकांना ही अट लागते ती यादी, बदलली आणि भारत तिच्यातून वगळला गेला, त्यामुळे त्या यादीपायी येणारी अट आता भारतीय ट्रेनीला लागत नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अजूनही लागू शकते. पुन्हा ट्रेनी म्हणून जायचं असेल तर मात्र पहिला कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, त्यामुळे हाताशी आलेली पहिली सहा महिन्यांची कच्ची जागा घ्यायची की चांगल्या होस्टसाठी थांबायचं, हे तो हिशेब करून ठरवा.